सैतानाला शिव्या, त्याही सैतानाच्याच सुरात?

प्रश्न : माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. घर आवरताना त्यांची एक जुनी कॅसेट सापडली. बँडचं नाव 'स्ट्रायपर', अल्बम 'टु हेल विथ द डेव्हिल', साल १९८६. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, 'हे देवाचं नाही, बंद कर.' कॉलेजमधला माझा मित्र पक्का मेटलवाला. तो नुसता हसला. मामा मात्र सांगतात की तरुणपणी ते चर्चपासून लांब गेले होते आणि याच कॅसेटने त्यांना परत आणलं. एका अल्बमबद्दल इतकी टोकाची मतं कशी? आणि याला भक्तिसंगीत म्हणायचं का?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : तुमच्या घरात पडलेली ही तीन मतं गेली चाळीस वर्षं जगभर पडत आली आहेत. आजी, मित्र आणि मामा या तीन पक्षांमध्येच या अल्बमचे बहुतेक श्रोते वाटले गेले. गंमत म्हणजे तिघांचाही आक्षेप किंवा कौतुक वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहे. त्यामुळे ते एकमेकांशी भांडतात असं वाटत असलं, तरी प्रत्यक्षात प्रत्येक जण वेगळ्याच विषयावर बोलत असतो.

आधी कॅसेटमध्ये आहे काय ते पाहू. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत मायकल आणि रॉबर्ट स्वीट या भावांचा 'रॉक्स रिजीम' नावाचा बँड होता. १९८३ च्या सुमारास त्यांनी उघडपणे ख्रिस्ती गाणी करायचं ठरवलं आणि नाव बदलून 'स्ट्रायपर' ठेवलं. हे नाव यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या फटक्यांच्या उल्लेखावरून आलेलं आहे. म्हणून कपडे, गिटार, ड्रम सगळ्यांवर काळे-पिवळे पट्टे. मायकल गाणार आणि गिटार वाजवणार, दुसरी गिटार ऑझ फॉक्सची, बेस टिम गेन्सचा. या अल्बमच्या वेळी गेन्स काही काळ बाहेर पडला होता, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला बेस ब्रॅड कॉब नावाच्या वादकाने वाजवला. रॉबर्ट स्वीट तर ड्रम आडवे लावून बसायचा, म्हणजे प्रेक्षकांना त्याचे हात-पाय दिसावेत.

'टु हेल विथ द डेव्हिल' हा २४ ऑक्टोबर १९८६ ला एनिग्मा रेकॉर्ड्सने काढला. सुरुवातीच्या छोट्या वाद्यतुकड्यासह एकूण अकरा ट्रॅक. अमेरिकेत तो प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांच्या वर गेला. बिलबोर्डच्या अल्बम यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि त्यातलं 'ऑनेस्टली' हे संथ गाणं गाण्यांच्या यादीत २३ वर. एमटीव्हीवर 'कॉलिंग ऑन यू' आणि 'फ्री' ही गाणी लोक फोन करकरून मागवत. चर्चच्या पुस्तकदुकानांत विकल्या जाणाऱ्या रॉकला तोवर असं यश ठाऊक नव्हतं.

आणि म्हणूनच पहिला राग चर्चकडून आला. तो काळ आठवा. अमेरिकेत मेटल म्हणजे सैतानपूजा, रेकॉर्ड उलटी फिरवली की त्यातून सैतानाचे संदेश ऐकू येतात, अशा भीतीने पालक हैराण झाले होते. सप्टेंबर १९८५ मध्ये गाण्यांच्या शब्दांवर थेट अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली होती. अशा हवेत लांब केस, मस्कारा, घट्ट पँट, आणि वर येशूचं नाव! टीव्हीवरचे प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी अशा धार्मिक रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिलं. हा बँड कार्यक्रमात प्रेक्षकांमध्ये नवा करार फेकत असे. स्वॅगर्ट यांच्या मते ते डुकरांपुढे मोती टाकण्यासारखं होतं. यातला खरा विनोद असा, की मायकल स्वीट मुलगा असताना ख्रिस्ती झाला तो स्वॅगर्ट यांचाच टीव्ही कार्यक्रम पाहून. गुरूने शिष्याला ओळखलं नाही, कारण शिष्य गिटार घेऊन आला होता.

मूळ मुखपृष्ठानेही वाद वाढवला. बँडच्या चौघांसारखे दिसणारे चार देवदूत सैतानाला आगीच्या खाईत लोटत आहेत, असं ते चित्र होतं. म्हणजे अर्थ अगदी रविवारच्या शाळेतला. पण दुकानदार आणि चर्चवाले चित्राचा अर्थ लावत बसले नाहीत. चित्रात सैतान आहे एवढं त्यांना पुरलं. ते मागे घेऊन साध्या काळ्या रंगावर बँडचं नाव असं मुखपृष्ठ आलं. तुमच्याकडची कॅसेट बहुधा हीच.

तुमच्या मित्राचं हसणं वेगळ्या गावचं. मेटल ऐकणाऱ्याला लांब केसांचा त्रास नव्हता, त्याला उपदेशाचा त्रास होता. आई-वडील, शाळा, चर्च यांच्यापासून सुटायला तो या संगीताकडे आला, आणि इथेही कोणी बायबल फेकून मारतंय! शिवाय ते काळे-पिवळे पट्टे. त्यांना मधमाश्या म्हणून चिडवण्यात एक पिढी गेली. आणि ऑक्टोबर १९८६ हा महिना स्ट्रायपरसाठी फार वाईट निवडलेला होता. त्याच महिन्यात स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आला, आधी मार्चमध्ये मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' येऊन गेलेला. या दोघांशेजारी स्ट्रायपर ठेवलं तर ते गोडच वाटणार. आता हेही ऐका. 'रेन इन ब्लड' म्हणजे सैतानी संगीताचा कळस असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगावं लागतं की त्यात गाणारा टॉम अराया हा कॅथलिक आहे आणि तसं तो उघड सांगतो. मेटलच्या मुळाशी असलेल्या ब्लॅक सब्बाथनेच १९७१ मध्ये 'आफ्टर फॉरेव्हर' नावाचं सरळ ख्रिस्ती श्रद्धेचं गाणं केलं होतं. त्याचे शब्द लिहिणारा गीझर बटलरही कॅथलिक घरातला. शिकागोकडच्या 'ट्रबल' या बँडला तर १९८४ मध्ये रेकॉर्ड कंपनीने 'व्हाइट मेटल' म्हणूनच विकलं. म्हणजे मेटल आणि ख्रिस्ती श्रद्धा एकमेकांना अनोळखी कधीच नव्हती. फक्त बाकीच्यांनी ती पाटी गळ्यात घातली नाही, स्ट्रायपरने घातली, तीही पट्ट्यापट्ट्यांची.

मग मामा. माझ्या मते या अल्बमचे खरे श्रोते तेच. ज्या मुलांना गिटार आवडते पण घरी गिटार म्हणजे पाप, त्यांच्यासाठी ही कॅसेट म्हणजे परवानगी होती. 'तुला जे आवडतं ते घेऊनच तू आत येऊ शकतोस', हा त्यातला निरोप शब्दांपेक्षा आवाजातून पोचत होता. कॅलिफोर्नियात पास्टर बॉब बीमन यांनी मेटल ऐकणाऱ्या मुलांसाठी 'सँक्चुअरी' नावाचं चर्चच चालवलं. ब्लडगुड, बॅरन क्रॉस, सेक्रेड वॉरियर असे बँड पाठोपाठ आले, आणि १९८८ मध्ये व्हेन्जन्सचा 'ह्यूमन सॅक्रिफाइस' आला, ज्यापुढे स्ट्रायपर म्हणजे अंगाईगीत. मामांसारखा खलाशी असा आवाज एखाद्या बंदरावरच्या दुकानात ऐकून कॅसेट विकत घेतो आणि घरी येऊन चर्चचा दरवाजा उघडतो, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो सांगायला अमेरिका सोडून नाशिकला यावं लागेल.

ज्या भांडणात आजी उतरल्या आहेत ते भांडण तुमच्याच शहराच्या ख्रिस्ती घरांत एकदा होऊन गेलं आहे. गिटारीच्या जागी तेव्हा टाळ-मृदंग होते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं, तेव्हा उपासनेत गायली जाणारी गाणी म्हणजे मुख्यतः इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी भाषांतरं. नारायण वामन टिळकांना हे खुपलं. नाशिकला शिकलेले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालेले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक तुकारामाला सोडायला तयार नव्हते. येशूपर्यंत आपण तुकारामाच्या वाटेनेच आलो असं ते मानत. त्यांनी ख्रिस्ती भजनं लिहिली, अभंग लिहिले, कीर्तनं केली. त्यांच्याही आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. आज 'उपासना संगीत' उघडलं तर टिळकांची पदं आणि विलायती चालीची गीतं शेजारीशेजारी बसलेली दिसतात, आणि रविवारी दोन्ही एकाच पेटीवर वाजतात.

पण तेव्हा हे शेजारीपण सोपं नव्हतं. देवळात, मठात, वारीत ज्या चाली वाजत आल्या, त्या चर्चमध्ये आल्या की कोणाला तरी मागचं सगळं आठवतं. ज्याने घरदार तोडून धर्म बदलला त्याला तर ते फारच टोचतं. 'शब्द येशूचे, पण चाल कोणाची?' हा प्रश्न त्या काळात आजींच्या आजेसासूने विचारला असेल असं मी म्हणत नाही, पण विचारला असता तर तो अगदी योग्य होता. कारण कोणतीही चाल नुसती चाल नसते. ती आधी कुठे, कोणाच्या तोंडी, काय चालू असताना वाजली, हे सगळं तिला चिकटलेलं असतं. ऐकणारा आधी ते ऐकतो, मग शब्द.

स्ट्रायपरबद्दलची बहुतेक मतं मला याच हिशेबात बसताना दिसतात. आजींच्या कानाला विकृत केलेल्या गिटारचा आवाज म्हणजे दारू, गुत्ता, वाया गेलेली पोरं. मित्राच्या कानाला तोच आवाज म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्यात येशू म्हणजे घुसखोर. मामांच्या कानाला दोन्ही ओळखीचे, म्हणून त्यांचं भागलं. कोणीच 'संगीत' ऐकत नव्हतं, सगळे आवाजाची संगत तपासत होते.

मुंबईतला याहून जुना दाखला मला फार आवडतो. मुक्तिफौज म्हणजे साल्व्हेशन आर्मी १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबईच्या बंदरावर उतरली. आले किती, तर चार जण. पण बँड, झेंडे आणि मिरवणूक. लंडनमध्ये ही मंडळी दारूच्या गुत्त्यांतल्या चालींवर देवाची गाणी म्हणायची आणि त्याबद्दल शिव्या खायची. मुंबईत पोलिसांनी रस्त्यावर वाजत-गाजत मिरवणूक काढण्यावरून त्यांना पकडलं. पुढारी फ्रेडरिक टकर यांना तुरुंगही झाला. स्वॅगर्ट यांना हे प्रकरण ठाऊक असतं तर त्यांनी कोणाची बाजू घेतली असती?

गोंगाटाचा आक्षेप तर नाशिककरांनी घेऊच नये. ढोल कानठळ्या बसवतो म्हणून कोणी त्याला अधार्मिक म्हणालंय? उलट, केरळात 'नाशिक ढोल' नावाने आपलाच ढोल गाजतो आणि तिथे चर्चच्या सणांच्या मिरवणुकीतही तो जोरात वाजतो. मलयाळी ख्रिस्ती माणसाला तो ढोल गणपतीचा वाटत नाही, कारण त्याने तो गणपतीसमोर ऐकलेलाच नाही. त्याच्यासाठी तो फक्त सणाचा आवाज. बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला आलेल्या एखाद्या केरळी पाहुण्याला विचारून पाहा.

भक्तिसंगीत म्हणायचं का, या तुमच्या प्रश्नाला मी गाण्यागणिक उत्तर देईन, अल्बमला एकगठ्ठा नाही. शेवटचं 'मोर दॅन अ मॅन' हे निःसंशय भक्तिगीत आहे. येशूच्या देवत्वाबद्दल ते आडपडदा न ठेवता बोलतं, आणि दोन गिटारी एकमेकींपासून ठरावीक अंतर राखत जी चाल वाजवतात ती मला अल्बममधली सर्वात सुंदर वाटते. 'द वे' चांगलं, जोरकस. शीर्षकगीत मजेदार आहे, पण भक्ती म्हणण्यापेक्षा ती घोषणा आहे. 'ऑनेस्टली'मध्ये तर देवाचा थेट उल्लेखच नाही, त्यामुळे ते लग्नातही चाललं आणि रेडिओवरही. अनेक ख्रिस्ती श्रोत्यांनी नेमकी याच गाण्याबद्दल तक्रार केली की नाव का लपवलं, आणि अनेक बिगरख्रिस्ती श्रोत्यांना फक्त हेच गाणं माहीत आहे. 'सिंग-अलाँग साँग' मला नावाइतकंच साधं वाटतं. मायकल स्वीटचा उंच आवाज मात्र खरा आहे. त्याचा हेवा वाटावा असे गायक त्या काळी थोडे होते.

चर्चने टाकलेल्या या बँडचं पुढे काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. १९९० च्या 'अगेन्स्ट द लॉ'मध्ये त्यांनी पट्टे टाकले आणि शब्दांतला धर्म कमी केला. मेटलवाले तरीही फारसे आले नाहीत, आणि जे ख्रिस्ती श्रोते वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी भांडत होते ते दुखावले गेले. १९९२ मध्ये मायकल बाहेर पडला आणि बँड फुटला. २००३ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. २०१८ च्या 'गॉड डॅम ईव्हिल' या अल्बमचं नाव एवढं खटकलं की वॉलमार्टने तो विकायला नकार दिला. बत्तीस वर्षांनीही तेच: वाक्य पूर्ण न वाचता लोक एका शब्दावर थांबले.

आपल्याकडे हे कोडं वेगळ्या वाटेने सुटलं, असं मला वाटतं. मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या डेथ मेटल बँडचं नाव पाहा, आणि २०१७ चा त्यांचा अल्बम पाहा: 'दशावतार'. विष्णूचे अवतार, गुरगुरत्या आवाजात. त्यावर कुठे मोठा गदारोळ झाला नाही. इथे मेटलला अजून शेजारीपाजारी कोणी फार ओळखत नाही, त्यामुळे त्याला वाईट संगतीचा आरोपही पुरता चिकटलेला नाही. आजींसाठी मात्र चिकटलेला आहे, आणि तो त्यांचा अनुभव आहे. त्यांच्यासमोर 'मोर दॅन अ मॅन' लावू नका, मामांबरोबर ऐका.

प्रश्न : त्याच कॅसेटबद्दल आणखी एक. मित्र म्हणतो, ही दुर्मीळ आहे, विकली तर पैसे मिळतील. खरं का?

उत्तर : संग्राहकांना हवी असते ती देवदूतांचं चित्र असलेली सुरुवातीची प्रत, त्यातही मोठी एलपी. काळ्या मुखपृष्ठाच्या प्रती लाखांनी निघाल्या आहेत. मामांच्या आठवणीपेक्षा बाजारात तिला जास्त भाव यायचा नाही.

प्रश्न : आणि ती वाजवायची कशी? खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसतात.

उत्तर : ती बुरशी आहे, नाशिकच्या चार पावसाळ्यांनीही ती धरते, इथे तर चाळीस झाले. तशीच डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटींना. आधी कॅसेट कोरड्या, सावलीच्या जागी काही दिवस ठेवा. मग पेन्सिलीने थोडी थोडी फिरवून फीत कुठे चिकटली आहे का ते बघा. चिकटली असेल तर ओढू नका, तुटते. कवचाला स्क्रू असतील तर ते उघडून फितीची दोन्ही चाकं एखाद्या चांगल्या रिकाम्या कवचात घालता येतात, आणि मधल्या छोट्या नमद्याच्या तुकड्याचा, म्हणजे फितीला हेडवर दाबून धरणाऱ्या पॅडचा, गोंद सुटला असेल तर तोही बदलता येतो. कवच चिकटवलेलं असेल तर हे काम जाणकाराकडे द्या. वाजवण्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. आवाज घोगरा, दबलेला आला तर फितीचा दोष असेलच असं नाही. डेकचं हेड किंचित तिरकं असलं की उंच सूर मरतात, आणि हेडजवळचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवून ते सरळ करता येतं. गिटारी एकदम उघड्या झाल्या की थांबा. मग डेकच्या लाइन-आउटमधून संगणकात रेकॉर्ड करून घ्या, मोफत मिळणारं ऑडॅसिटी पुरेसं आहे. दोन्ही बाजू एकाच बैठकीत उरका, कारण अशी फीत दुसऱ्यांदा तितकी चांगली वाजेलच असं नाही.